तंबाखूचं देणं-घेणं

आमच्या घरात सरकार पहिल्यांदा आलं ते तंबाखूच्या मागनं. शाळा नंतर आली, वीज नंतर आली, सोसायटीचं कर्ज त्याच्याही नंतर आलं. या सगळ्यांच्या आधी एक्साईजचा सायब आला. ‘लढाई पेटली हुती तवापासनं,’ असं आबा सांगायचे. लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. इंग्रज सरकारला पैसा हवा होता आणि १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. निपाणीच्या भोवतालची, वेदगंगा-दूधगंगेच्या काठची काळी रानं तोवर तलाठ्यापुरतीच होती. त्या सालापासून ती दिल्लीच्या खात्याला दिसायला लागली.

मागल्या दिवाळीच्या आधी आम्ही जुनं घर उतरवलं. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत आजीची दोन खणाची चोळी, बांधावरनं चाललेल्या एका जुन्या दाव्याच्या नकला, आणि सुतळीनं बांधलेला पिवळ्या कागदांचा गठ्ठा. गठ्ठा एक्साईजचा होता. सगळ्यांत वरचा कागद १९५२ सालचा. मजकूर इंग्रजीत, आमच्या गावाचं नाव कुणीतरी ऐकून लिहिल्यासारखं वाकडंतिकडं, आणि खाली आबांची मोडीतली सही. तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो. १९५६ नंतरच्या कागदांवर म्हैसूर राज्य आहे, १९७३ नंतर कर्नाटक. राज्य बदललं, घर तेच राहिलं, आणि सायबही दरवर्षी तसाच येत राहिला, कारण त्याचं खातं केंद्राचं.

दादा म्हणाला, “जाळून टाक की. कुणाला लागत्यात आता?”

दादा थोरला, रान तोच बघतो. मी मास्तरकी करून निवृत्त झालेला. कागद जाळायचा म्हटलं की मास्तराचा जीव वरखाली होतो. मी गठ्ठा पिशवीत घातला. तो का घातला ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

एक्साईजचा कायदा ज्यांनी बघितला नाही त्यांना आता तो खोटा वाटेल. गहू, जोंधळा, मिरची काय वाट्टेल ते पिकवा, कुणी विचारत नव्हतं. तंबाखू लावली की मात्र किती रानात लावली हे लिहून द्यायचं. पीक कापून, वाळवून खळ्यावर आलं की सायबापुढं वजन करायचं. ते वजन त्याच्या वहीत चढलं की तेवढ्या मालाचे तुम्ही राखणदार. विकायचा तर परवानेदार व्यापाऱ्यालाच, आणि कागद असल्याशिवाय गाडी रस्त्याला लावायची नाही. वहीतल्या वजनात आणि विकलेल्या वजनात फरक पडला तर त्याचा हिशोब शेतकऱ्यानं द्यायचा. हिशोब पटला नाही तर तुटीवरचा कर शेतकऱ्याच्या अंगावर.

आता यातली गंमत तंबाखू पिकवणाऱ्यालाच कळेल. तंबाखूचा वाळलेला पाला हवेतली ओल ओढून घेतो. पौष-माघात सकाळी दव पडलेलं असतं तेव्हा तो कापडासारखा मऊ आणि जड असतो. भर दुपारी तोच पाला कुरकुरीत आणि हलका. सायब यायचा सकाळी, सायकलीवर. त्याला आणखी चार खळी गाठायची असायची. म्हणजे वहीत चढायचं ते दवाचं वजन. विक्री व्हायची चैतात, उन्हात, आणि व्यापाऱ्याचा तराजू लागायचा दुपारी. मधलं पाणी गेलं कुठं, ते शेतकऱ्यानं सांगायचं.

म्हणून आबांनी एक युक्ती काढली होती. सायब आला की आधी चहा. मग, “आलाय तर न्याहारी करून जावा सायब.” मग पोहे, मग पुन्हा चहा, मग घरात लेकरू आजारी आहे त्याची नाडी बघा म्हणून बसवायचं. सायब काही वैद्य नव्हता, पण शिकलेला माणूस म्हणून त्याला नाडीही बघावी लागायची. आई चुलीपुढून म्हणायची, “आणि किती वेळ बसवायचं ओ?” आबा दारातून खळ्याकडं बघायचे आणि हळूच म्हणायचे, “ऊन खळ्यावर आलं न्हाई अजून.” मी पाच-सहा वर्षांचा असेन. दोन वेळा त्या नाडीचं लेकरू मी झालोय.

आजीची गोष्ट वेगळी. ती मिसरी लावायची. सगळ्याच बायका लावायच्या. वजनाच्या दिवशी ती आधीच मूठ-दोन मुठी पाला कणगीत जोंधळ्याखाली दडवून ठेवायची आणि सायब असेपर्यंत कणगीला पाठ लावून बसायची. पुढं शिकल्यावर मला कळलं, की घरच्या वापरासाठी थोडी तंबाखू बिनकराची ठेवायला कायद्यातच सवलत होती. ती गोष्ट आम्हाला ना सायबानं सांगितली ना तलाठ्यानं. आजी आपल्याच रानातल्या पाल्याची चोरी करत आयुष्यभर कणगीला टेकून बसली. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग आधी सांगाया काय झालं हुतं मुडद्यांना?”

तंबाखू आमच्याकडं पिकायची त्याला कारण होतं. रान काळं, पाऊस बेताचा, विहिरींना उन्हाळ्यात तळ दिसायचा. उसाला पाणी नव्हतं. तंबाखूला पावसाची ओल पुरायची. मृगाच्या सुमाराला तरवा टाकायचा. बी इतकं बारीक की राखेत मिसळून फेकायचं, नाहीतर एका जागी मुठीएवढं पडायचं. पुढं लागण, कोळपणी, मग शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की बगलेत फुटवे येतात, तेही दर आठवड्याला काढायचे, म्हणजे झाडाचं बळ पानात उतरतं. खुडून खुडून हाताला काळा चीक बसायचा; तो साबणानं निघत नाही, भाकरीच्या पहिल्या घासाला कडू लागतो. पान तयार झालं की त्यावर तांबूस ठिपके उठतात. ठिपका चांगला उठला की पान बिडीला कडक. अक्कोळच्या बाजूच्या तंबाखूचं नाव त्यासाठीच होतं. मग अख्खं झाड कापून रानातच उन्हात वाळवायचं, उलटंपालटं करायचं, पाला सुटा करायचा आणि बोद भरायचे. एका पिकाला अर्धं वर्ष जातं आणि घरातलं एकही माणूस रिकामं राहत नाही.

आणि मग तो पाला घेऊन वखारीच्या दारात उभं राहायचं. निपाणीत वखारी ओळीनं. भाव व्यापारी सांगायचा. माल घेताना विसार म्हणून थोडे पैसे द्यायचा, बाकीचे बेंदराला, त्यातले उरलेले दसऱ्याला. वजनात कडता, मातीला सूट, काडीला सूट. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एकदा बेंदराचे पैसे मागायला गेले तर व्यापाऱ्यानं वखारीतल्या बाईकडून त्यांना पाणी पाजलं, मालाचा भाव उतरला म्हणून सांगितलं आणि ठरल्यापेक्षा कमी रक्कम हातावर ठेवली. कागद काय होता? कागद एकच, एक्साईजचा. त्यात वजन होतं, भाव नव्हता. सरकारला आमच्या मालाचं वजन तोळ्यापर्यंत पाहिजे होतं. तो कितीला गेला याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

त्याच वखारीत माझी एक चुलत आत्या कामाला होती. दिवसभर पाला चाळायचा. खकाणा नाकातोंडात जायचा. ती बोलायला लागली की आधी खोकायची. आमच्या भावाचं रडगाणं आम्ही तिच्यापुढं गायचो तेव्हा ती मान हलवायची आणि म्हणायची, “तुमास्नी निदान भाव तरी हाय. आमास्नी हजेरी हाय.”

१९७५ साली दिल्लीत तंबाखू मंडळाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी आंध्रात गुंटूरला मंडळ सुरू झालं. गावात बातमी आली तेव्हा लोक हरखले. वाटलं, आता तंबाखूला वाली आला. पण ते मंडळ व्हर्जिनिया तंबाखूचं होतं, सिगारेटच्या पानाचं, परदेशी जाणाऱ्या मालाचं. व्हर्जिनियाला पुढं हमीभावाच्या यादीत जागा मिळाली. १९८४ साली आमच्याच कर्नाटकात, म्हैसूरच्या बाजूला, मंडळाचे लिलाव सुरू झाले. दुसऱ्या वर्षी आंध्रात. लिलावात भाव चारचौघांत पुकारला जातो. निपाणीच्या बिडीच्या पाल्याला यातलं काहीच नाही. तो ओढणार कोण, तर हमाल, गिरणी कामगार, गुराखी. गरीब माणूस डॉलर देत नाही. माझा राग आहे तो एवढ्यासाठी, की कर बसवताना सिगारेटचं पान आणि बिडीचं पान दोन्ही तंबाखूच होती. देण्याची वेळ आली तेव्हा त्यांची जात निघाली.

मग १९७९ उजाडलं. चौधरी चरणसिंग अर्थमंत्री होते. त्यांनी अंदाजपत्रकात कच्च्या तंबाखूवरचा अबकारी कर काढून टाकला. कर राहिला तो तयार मालावर. छत्तीस वर्षांनी सायकलीवरचा सायब यायचा बंद झाला. आबांनी गावात पेढे वाटले. आमच्या घरात पेढे वाटण्याइतका आनंद त्याआधी थोरल्या बहिणीच्या लग्नात झाला होता.

वाटलं होतं, कर व्यापारी भरत होता, आता तो वाचला म्हणजे भाव तेवढा वर जाईल. आमच्या घरापुरतं सांगतो, गेला नाही. वाचलेला पैसा वखारीच्या दाराच्या आतच राहिला. आणि दुसरी गोष्ट, जी तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही: सायब गेला तसा कागदही गेला. तंबाखू पिकवली, अमुक एवढी पिकवली, अमुक वखारीला घातली, हे सांगणारं काहीच आता शेतकऱ्याच्या हाती उरलं नाही. ट्रंकेतल्या गठ्ठ्यातला शेवटचा कागद त्या सालच्या आधीचा आहे.

दोन वर्षं भावानं मार खाल्ला. १९८१ च्या सुगीला लोकांनी बोद घरातच ठेवले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तेव्हा नुकतेच कांदा-उसाच्या आंदोलनातून बाहेर पडले होते. निपाणीत प्राध्यापक सुभाष जोशी होते, ज्यांनी आधी वखारीतल्या आणि बिडीच्या बायकांची संघटना बांधली होती. खरं म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींना छेद देणाऱ्या. व्यापारी शेतकऱ्याला सांगायचा, बायकांची हजेरी वाढली म्हणून तुला भाव नाही; बायकांना सांगायचा, माल महाग पडला म्हणून हजेरी नाही. त्या उन्हाळ्यात ही दोन्ही माणसं एका मांडवात बसली, हे मला आजही मोठं वाटतं. पुढच्याच वर्षी युगांतर नावाच्या गटानं त्या बायकांच्या लढ्यावर फिल्म केली. आत्या त्यात कुठं दिसते का म्हणून मी फार नंतर ती डोळे फाडून बघितली.

१४ मार्च १९८१ ला शेतकरी पुणे-बेंगलोर रस्त्यावर येऊन बसले. अण्णा पहिल्याच दिवशी बैलगाडी घेऊन गेले. रस्त्यावर पालं पडली, चुली पेटल्या. त्या वस्तीला लोकांनी नावही दिलं, आंदोलननगर. मी सातवीत होतो. गावातल्या घराघरांतून भाकऱ्या गोळा व्हायच्या आणि गाडी भरून जायची. दोनदा मी त्या गाडीवर बसून गेलो. डोळ्यांसमोर आहे ते एवढंच: एरवी जिथं ट्रकच्या भीतीनं आम्हाला कडेनं चालायला लागायचं, त्या डांबरी रस्त्याच्या मधोमध माझे अण्णा पटका उशाला घेऊन झोपलेत. रात्री भजन व्हायचं. कुणी दारू प्यायचं नाही, कुणी दगड उचलायचा नाही, असं ठरलेलं.

मागणी काय होती? ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’ संघटनेची ही घोषणा होती आणि आम्ही पोरं ती शाळेच्या मागं ओरडायचो. म्हणजे अनुदान द्या, सूट द्या, मदत द्या असं कुणी म्हणत नव्हतं. पिकवायला जे लागतं ते भरून येईल असा भाव मिळावा आणि तो मिळेल अशी सोय सरकारनं करावी, एवढंच. छत्तीस वर्षं ज्याला खळ्याची वाट पाठ होती त्यानं एकदा वखारीपर्यंतही यावं.

पाडवा ५ एप्रिलला होता. आमच्या दारात गुढी उभी राहिली आणि आईनं केलेल्या पोळ्या भाकरीच्या गाडीतून रस्त्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, चोविसाव्या दिवशी, पोलिसांनी आंदोलननगर उठवलं. गोळीबार झाला. बारा शेतकरी मेले. गुंडूराव तेव्हा मुख्यमंत्री होते.

अण्णा त्या रात्री आले नाहीत. दुसऱ्या रात्री रानारानातनं आले. पायात चपला नव्हत्या, पटका नव्हता. बैल आणि गाडी तिसऱ्या दिवशी कुणीतरी आणून सोडली. आईनं पायांना हळद लावली. त्यांनी काय बघितलं ते ते कधी बोलले नाहीत; पुढं तीस वर्षं जगले, पण बोलले नाहीत. फक्त त्या साली वखारीला माल घालायला ते गेले नाहीत, दादाला पाठवलं. माल घालावाच लागला. पाला घरात ठेवून त्याचं करायचं काय?

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. नद्यांवर धरणं झाली, उपसा योजना झाल्या, काठावरच्या रानात ऊस शिरला, वरच्या रानात सोयाबीन. तंबाखू मागं सरकत सरकत माळाच्या बाजूला गेली. आंदोलनानं तंबाखूवाल्यांना भाव नाही दिला. उसाच्या पाण्यानं त्यांना सुटका दिली, ज्यांना पाणी मिळालं त्यांना. आबा गेले. धाकटे चुलते घशाच्या कॅन्सरनं गेले. रोजच्या दोन बंडल बिड्या आणि त्याही आमच्याच पाल्याच्या, असं ते हसून सांगायचे. त्यांच्या दिवसाला आजीनं मिसरीचा डबा उकिरड्यावर टाकला आणि पंधरा दिवसांनी गुपचूप दुसरा भरला. तंबाखूचं पीक वाईट आहे हे मला कुणी पटवून द्यायला नको.

२०१३ साली मी अमेरिकेला पुतण्याकडं गेलो. दादाचा धाकटा, नॉर्थ कॅरोलिनात रॅले शहराजवळ राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो. ऑगस्टमध्ये त्यानं मला पूर्वेला विल्सन गावाच्या बाजूला फिरायला नेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तंबाखू! मी गाडी थांबवायला लावली. पान आमच्यापेक्षा मोठं, व्हर्जिनियाचं. पण शेंडे खुडलेले होते. मी बांधावर जाऊन बगलेतला एक फुटवा मोडला आणि बोटाला लावून बघितलं. तोच चीक.

पुढं एका वळणावर कलिंगडं आणि मक्याची कणसं विकणारा म्हातारा बसला होता. पुतण्यानं ओळख करून दिली: माझे काका, भारतात यांच्या घरी तंबाखू करतात. म्हाताऱ्यानं खुर्ची पुढं केली. मग तासभर आम्ही पुतण्याच्या तोंडानं बोललो. त्याचा बापही तंबाखूवाला, आजाही. त्यांच्याकडं १९३० च्या मंदीनंतर सरकारनं कोटा पाडून दिला होता: या जमिनीतून इतके पौंड विकायचे, जास्त नाही, आणि तेवढ्या मालाला भावाची खात्री. हे जवळजवळ सत्तर वर्षं चाललं. मग २००४ साली त्यांच्या संसदेनं कोटा मोडला, पण मोडताना त्याची किंमत दिली. कोटा ज्याच्या नावावर त्याला पौंडामागं सात डॉलर, पीक ज्यानं काढलं त्याला तीन. दहा वर्षांत दहा हप्ते. सगळी मिळून रक्कम दहा अब्ज डॉलरच्या घरात, आणि ती वसूल केली सिगारेट कंपन्यांकडून. म्हातारा म्हणाला, नऊ चेक आले, एक येत्या जानेवारीत.

पुतण्यानं मोबाईलवर हिशोब केला. हजार पौंडांचा कोटा आणि मालक-कसणारा एकच, तर दहा हजार डॉलर. “आजोबांची तंबाखू किती व्हायची हो काका?” मी म्हटलं, राहू दे.

म्हातारा खुशीत होता असं मात्र नाही. त्यानं थोडा कोटा स्वतःचा आणि बराचसा भाड्यानं घेतलेला कसला होता. भाड्याचा कोटा शहरात राहणाऱ्या एका बाईचा. तिनं आयुष्यात झाडाला हात लावला नाही, पण सातवाल्यांत ती आणि तिनंवाल्यांत हा. अख्ख्या देशात कोटेदार लाखांत होते आणि पिकवणारे हजारांत. कोटा गेल्यावर भावाची खात्रीही गेली, कंपन्या थेट करार करायला लागल्या, लहान शेतकरी एकेक करून उठले. याच्या रानात आता रताळी असतात. त्यानं मला दोन कणसं दिली, पैसे घेतले नाहीत.

परत येताना गाडीत मी विचार करत होतो तो पैशाचा नव्हता. त्यांच्याकडं कुणाला किती द्यायचं हे सरकारला सांगता आलं, कारण सत्तर वर्षांचं दफ्तर होतं: कुणी किती पौंड पिकवलं. दफ्तर आमच्याकडंही होतंच की. त्यांच्यापेक्षा कडक होतं. दवासकट वजन लिहिलेलं.

हे पुढं खरंच कामाला आलं, म्हणजे येईल असं वाटलं. भारतानं २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविरोधी करारावर शिक्कामोर्तब केलं होतं. तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा चरितार्थ मिळवून द्यावा असं त्यात कलम आहे. त्याला धरून २०१५-१६ पासून केंद्रानं पीक बदलाची योजना तंबाखूच्या दहा राज्यांत आणली. हातात रोख रक्कम नाही. दुसऱ्या पिकाची प्रात्यक्षिकं, अवजारं, असं. तरी बहात्तर वर्षांत तंबाखूवाल्याला ‘घे’ म्हणणारा कागद पहिल्यांदाच आला. दादाची माळावरची दीड एकर तेव्हाही तंबाखूतच होती. मी म्हटलं, चल, अर्ज करू.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. अर्ज कानडीतला, तो मी वाचून भरला. खिडकीतल्या माणसानं उतारा बघितला. पिकाच्या रकान्यात सोयाबीन.

“तुमच्या रानात तंबाखू आहेच कुठं?”

दादा म्हणाला, “सायब, उभी हाय की. येऊन बघा.”

“उताऱ्यावर पाहिजे.”

उताऱ्यावर सोयाबीन कुणी आणि कधी लिहिलं, देव जाणे. रानात न येता लिहिलं एवढं खरं. मी पिशवीतून गठ्ठा काढला, कारण तेव्हा मला सुचलं ते एवढंच. नाही, चुकलं, गठ्ठा तेव्हा सापडलेला नव्हता. तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. आम्ही उतारा दुरुस्तीचा अर्ज दिला, तीन हेलपाटे घातले आणि पावसाळा लागला तसं सोडून दिलं. गठ्ठा निघाला तो मागल्या वर्षी, घर उतरवताना, आणि म्हणूनच दादा ‘जाळून टाक’ म्हणाला तेव्हा मला ती खिडकी आठवली.

या मार्चमध्ये मी एकटाच गेलो. खिडकीत आता एक तरुण मुलगी आहे, बोलायला बरी. तिला १९५२ पासूनच्या पावत्या दाखवल्या. तिनं एकेक कागद उलटा-सुलटा करून बघितला, मोडी सहीवर बोट ठेवून विचारलं, “हे काय लिहिलंय सर?”

“आमच्या आजोबांचं नाव.”

“पण हे टॅक्सचे आहेत ना? तुम्ही सरकारला दिल्याचे.”

“होय.”

“यात तुम्हाला द्यायचं काही येत नाही,” असं म्हणून तिनं कागद नीट एकावर एक लावले, आणि माझं वय बघून असेल, एक झेरॉक्स फायलीला ठेवून घेते म्हणाली.

घरी आलो तर दादा माळावर बोद भरत होता. या साली ठिपका चांगला उठला आहे. व्यापाऱ्यानं विसार दिलाय, बाकीचे बेंदराला. दुपारची वेळ होती, पाला वाळून कडकडत होता. दादा म्हणाला, “जरा थांब, ऊन उतरू दे. मग वजन करू.”